उन्हाळ्यांतील डोह आणि गळांची गर्दी

चैत्र सरत आला, कृष्णेची धार खडकांच्या फटींतून वाहूं लागली, म्हणजे नदींतील मासे आपली वस्ती बदलतात. उथळ पाणी दुपारीं तापतें, तेथें आडोसा उरत नाहीं. म्हणून ते डोहांत आणि बंधाऱ्यांच्या पायथ्याशीं गोळा होतात. त्यांच्यामागून माणसेंही गोळा होतात. वाईपासून कराड, भिलवडी, सांगली, हरिपूर असें खालीं म्हैसाळपर्यंत येतां येतां असे कितीतरी डोह लागतात. सुटीच्या दिवशीं अशा एखाद्या डोहाच्या कांठीं वीस गळ पडलेले असावेत, त्यांतल्या दोघांना मासे लागावेत, आणि बाकीच्यांनीं रिकाम्या पिशव्या झटकून घरीं जावें, हा नेहमींचा प्रकार. त्या दोघांचें नशीब मोठें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. नशिबाचा अंश असेल. परंतु त्या दोघांना पाण्याची परीक्षा असते, ही गोष्ट अधिक खरी.

ह्याच डोहाचें दुसरें रूप पाहावयाचें तर फिनलंड, कॅनडा अथवा अमेरिकेच्या उत्तर भागांत जावें लागेल. तेथें हिवाळ्यांत सरोवरें गोठतात. पाणी 4 अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें, म्हणून बर्फ वर तरंगतें आणि तळाशीं मासे जिवंत राहतात. लोक गिरमिटानें बर्फाला भोंक पाडतात, बाजूला स्टूल टाकून बसतात आणि वीतभर लांबीच्या दोरीनें कारभार चालावा तशा आखूड काठीनें लहान मासे काढतात. अमेरिकेंत ह्या माशांना नांवच मुळीं ‘तव्यांत मावणारे मासे’ अशा अर्थाचें आहे. एकाला मासे लागले कीं दहा जण त्याच्या शेजारीं भोंकें पाडतात, आणि मग कोणालाच कांहीं लागत नाहीं. मनुष्यस्वभाव हवामानाप्रमाणें बदलत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

तिकडे थंडी, इकडे ऊन. तरी मासे एके ठिकाणीं दाटण्यामागें बरेचदा एकच कारण असतें. तें म्हणजे श्वास. माशाला पाण्यांत विरघळलेला प्राणवायु लागतो. शून्य अंशाच्या एका लिटर गोड्या पाण्यांत तो सुमारें 14.6 मिलिग्रॅम मावतो. 30 अंशांच्या पाण्यांत केवळ 7.5 मिलिग्रॅम. म्हणजे थंड पाण्याचें कोठार मोठें, पण वरून बर्फाचें झांकण. आपल्या डोहाला झांकण नाहीं, पण कोठारच अर्धें. त्यांत आपलें पाणी शेवाळानें हिरवें झालेलें असतें. हें शेवाळ दिवसां प्राणवायु देतें आणि रात्रीं स्वतःच तो घेऊं लागतें. त्यामुळें संथ डोहांत सूर्योदयाच्या आधीं प्राणवायूची सर्वांत अधिक टंचाई असते. त्या वेळीं मासे पृष्ठभागावर येऊन तोंडें उघडतात. नवशिक्याला वाटतें, काय ही भूक! तो घाईघाईनें गळ टाकतो, आणि गळाला कोणी शिवत नाहीं. ज्याला श्वास पुरत नाहीं तो जेवावयास कसा बसेल? जाणता मनुष्य त्या वेळीं स्वस्थ बसतो किंवा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या बरग्यांतून जें पाणी झिरपून पडतें, तें पडतांना हवा बरोबर घेतें. तेथले मासे ताजेतवाने असतात व चारा घेतात. ऊन वर आल्यावर मग डोहांतलेही खाऊं लागतात.

हा प्राणवायूचा हिशेब चुकला म्हणजे काय होतें, तें मार्च 2023 मध्यें सांगलीकरांनीं पाहिलें. दूषित पाणी मिसळून कृष्णेंत असंख्य मासे मरून वर आले. सेंद्रिय घाण पाण्यांत उतरली कीं ती कुजविणारे जंतु प्राणवायूचा फडशा पाडतात, आणि मासे पाण्यांतच गुदमरतात. असे आयते मासे घरीं नेण्याचा मोह कोणाला होत असेल तर तो आवरावा. पाण्यांत काय आलें होतें हें माशाकडे पाहून कळत नाहीं.

आतां गर्दीचा प्रश्न. पुष्कळांची समजूत अशी कीं, कांठावर बोललें म्हणजे मासे पळतात. हवेंतला आवाज बहुतेक पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परततो. गप्पांनीं फारसें बिघडत नाहीं. बिघडतें तें टाचेनें. खडकावर आपटलेली चप्पल, ओढलेला डबा, पाण्यांत भिरकावलेला खडा ह्यांचा हादरा सरळ पाण्यांत उतरतो, आणि पाण्यांत ध्वनि सेकंदाला सुमारें 1,500 मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगानें जातो. माशाच्या दोन्ही कुशींवर जी बारीक रेघ दिसते, तिच्यांत अशी हालचाल ओळखणारीं इंद्रियें असतात. दृष्टीचेंही तसेंच. खालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचें सारें जग सुमारें 97 अंशांच्या एका गोल झरोक्यांतून दिसतें. उभा माणूस त्या झरोक्यांत डोकावतो. बसलेला माणूस कडेला चेपून जातो. म्हणून शहाणा भोई कांठापासून दोन पावलें मागें, उकिडवा बसतो आणि आपली सांवली पाण्यावर पडूं देत नाहीं.

साधनांच्या बाबतींतही गर्दीचा नियम उलटा आहे. एकमेकांवर ताण करण्यासाठीं लोक मोठा गळ, जाड तंगूस आणि आंवळ्याएवढा कणकेचा गोळा लावतात. बिथरलेला मासा चारा नुसता ओढून चाखतो. जडपणा जाणवतांच थुंकून टाकतो. येथें बारीक तंगूस, लहान गळ, गांडुळाचा नखभर तुकडा आणि पाण्यावर मोरपिसाची हलकी काडी ह्यांनीं काम होतें. काडी बुडण्याची वाट पाहूं नये. ती आडवी झाली किंवा जागच्या जागीं थरारली, तरी हात उचलावा. आणि जागा सारखी बदलूं नये. शेजाऱ्याला मासा लागला म्हणून त्याच्या दोरीवर दोरी टाकणाऱ्याला मासाही मिळत नाहीं व शेजारही राहत नाहीं.

ह्या गळांना जो सर्वांत अधिक लागतो तो चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला. 1952 सालीं तो लंकेहून भारतांत आणला गेला. नर उथळ तळाशीं थाळीएवढे खळगे करतो, आणि मादी अंडीं व पिलें तोंडांत सांभाळते. तोंडांत पिलें असेपर्यंत ती जवळजवळ उपाशीच असते. म्हणून डोळ्यांसमोर मासा दिसूनही कित्येकदां चारा घेत नाहीं. वर्षांतून अनेकदां वीण होत असल्यानें डोहांत चिलापींची इतकी दाटी होते कीं त्या वाढतच नाहींत, खुरट्या राहतात. त्या चार अधिक काढल्या तर डोहाचें नुकसान नाहीं. मरळीचें तसें नाहीं. ती हवेंतला प्राणवायु घेऊं शकते, आटत्या पाण्यांतही तग धरते, आणि नर-मादी दोघेंही पिलांच्या थव्यावर पहारा करतात. पहाऱ्यावरची मरळ पकडली तर मागचा सारा थवा इतर माशांचा घास होतो.

गर्दी टाळण्यासाठीं एकट्यानें दूर जाण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. भिलवडी, औदुंबर, डिग्रज ह्या पट्ट्यांत कृष्णेंत मगरी आहेत. तिन्हीसांजेला गुडघाभर पाण्यांत उभें राहून गळ सोडविणें हा तेथें निव्वळ अविचार होय. तसेंच तलाव व धरणांचे जलाशय बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्यानें दिलेले असतात. हौशी मनुष्यानें विचारल्याविना तेथें बसूं नये. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारण्यास तर कायद्यानेंच बंदी आहे. तरी आटलेला डोह पाहिला कीं कोणाची तरी बुद्धि तिकडे धांवतेच. असा एक स्फोट खालच्या अंड्या-पिलांसकट सर्वांना मारतो, आणि पुढच्या वर्षीं त्याच कांठावर भोयाची बायको रिकामी पाटी घेऊन बसते.

मृगाचा पाऊस झाला, पाणी गढूळ होऊन चढूं लागलें, कीं डोहांतली दाटी एका रात्रींत मोडते. ओढ्यांच्या तोंडाशीं मासे प्रवाहाच्या उलट चढूं लागतात. हेच चढणीचे मासे. ते जाळ्यांत, टोपल्यांत, प्रसंगीं नुसत्या हातांतही सांपडतात, इतके बेभान असतात. आणि त्यांतल्या बहुतेक माद्यांच्या पोटांत त्या वेळीं गाभोळी भरलेली असते.