नवे घर, जुनी अक्षरे

शिरूरला घोडनदी म्हणणारी माणसे अजून भेटतात. घोडनदी म्हटले काय नि शिरूर म्हटले काय, ऐकणाऱ्याला गाव कळते. नाव बदलल्याने पत्ता हरवत नाही. संगणकाचे तसे नाही. त्याच्या लेखी खूण बदलली की ओळख संपली. हे ध्यानात येते ते बहुधा लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलल्यावर.

जुन्या लॅपटॉपमधली डिस्क साधारणतः मिनिटाला ५,४०० फेरे घेते. एक दिवस ती खरखर करते, मग मौन धरते. शिरूर काय, दौंड काय, दुरुस्तीच्या दुकानातले उत्तर ठरलेले: ‘एसएसडी बसवू, विंडोज मारून देतो, संध्याकाळी न्या.’ एसएसडीत फिरणारा भागच नसतो. यंत्र तरतरीत होते. परंतु नवी डिस्क म्हणजे रिकामे घर. त्यात कामकाजाची व्यवस्था नव्याने लावावी लागते, तिलाच ऑपरेटिंग सिस्टीम म्हणायचे.

दौंडच्या जंक्शनात सांधा बदलला की गाडी सोलापूरऐवजी मनमाडकडे वळते. लॅपटॉपमध्ये हे सांधेवाल्याचे काम मदरबोर्डवरची एक चिप करते. तिला सांगायचे, ‘आज डिस्ककडे जाऊ नकोस, पेनड्राइव्हकडे जा.’ मग पेनड्राइव्हवरची सिस्टीम नव्या डिस्कवर उतरते. विंडोज १०पासून परवान्याची नोंद मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेली असते. त्यामुळे आधीचा परवाना खरा असेल तर केवळ डिस्क बदलल्याने तो जात नाही. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांना अधिकृतपणे स्वीकारत नाही, म्हणून काहीजण याच निमित्ताने लिनक्सकडे वळतात. असो. इथवरचे काम कुणीही होतकरू मुलगा तासाभरात करतो.

खरी अडचण पुढे. जुन्या डिस्कवरच्या फायली सुदैवाने वाचतात, नव्या यंत्रात येतात; आणि मराठी मजकूर उघडला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची गिचमिड! फाइल बिघडलेली नसते. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण मराठी ज्या युक्तीने लिहिले, त्या युक्तीचा हा परिणाम. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षराचा क्रमांक साठवायचा आणि टंकाने, म्हणजे फॉन्टने, त्यावर मराठी वळणाचा मुखवटा चढवायचा. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द, तो टंक नसलेल्या यंत्रावर ई, जे, के, बी, एच अशा पाच अक्षरांत दिसतो. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. पुण्यातच सी-डॅकचे टंक झाले, मॉड्युलरची श्रीलिपी झाली; पण एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येईना. नवे विंडोज मारताना हे टंक कुणी परत टाकत नाही, कारण ते सिस्टीमबरोबर येत नाहीत.

युनिकोडने हा घोळ मिटवला. १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत; ‘म’ हा कोणत्याही यंत्रावर ‘म’च. मात्र त्याआधीचा आणि त्यानंतरही सवयीने जुन्याच टंकांत लिहिला गेलेला मजकूर थोडाथोडका नाही. सोसायट्यांची इतिवृत्ते, शाळांची स्मरणिका, कुणाचे अप्रकाशित हस्तलिखित, कुणा आजोबांच्या आठवणी. कागदी प्रत नसेल तर गिचमिड हीच त्यांची एकमेव प्रत.

बँकेत ज्याची उमेद गेली त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: इमारत पुन्हा बांधता येते, खातेवही नाही. म्हणून जुनी डिस्क चालू आहे तोवर तिच्यातला फॉन्टचा फोल्डरही फायलींबरोबर उतरवून घ्यावा. सिस्टीम टाकताना ती डिस्क यंत्राबाहेर ठेवावी. चुकीच्या डिस्कवर बोट पडले की सारे पुसले जाते. डिस्क कुलूपबंद असेल तर बिटलॉकर ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली त्याच लॅपटॉपमध्ये ठेवणे म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीतच ठेवणे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तेवढी माणसाच्या नजरेखालून गेली पाहिजेत. रूपांतर झाल्यावर एक प्रत दुसऱ्या घरी असावी. आणि भंगारात काही देण्याची घाई करू नये.

दुकानदार ‘झाले’ म्हणतो तेव्हा यंत्र सुरू झालेले असते, इतकेच. पैसे देण्यापूर्वी तिथेच एक जुनी मराठी फाइल उघडावी आणि तिची पहिली ओळ मोठ्याने वाचून पाहावी. वाचता आली तर लॅपटॉप घरी न्यावा.