सर्व्हरचे घड्याळ चुकते तेव्हा

वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंगला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून सरासरी वीस मिनिटे झालेली असतात. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. अनसिंग त्याच्या बरेच पश्चिमेला. तसा हा मुलूख कालगणनेत जुना. पहिल्या भास्कराने सातव्या शतकात ‘महाभास्करीया’त मध्यरेषेवरची ठिकाणे सांगितली, त्यांत अवंतीच्या जोडीने वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिमही आहे. आता देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली आण्विक घड्याळे सांभाळतात. गावातल्या पतसंस्थेच्या किंवा दवाखान्याच्या सर्व्हरला ती इंटरनेटवरून घेता येते.

हे काम एनटीपी, म्हणजे ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’, करतो. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी तो 1980 च्या दशकात घडवला. विचारणा निघाली कधी, पोचली कधी, उत्तर निघाले कधी आणि परतले कधी, या चार नोंदींवरून घड्याळातला फरक निघतो. जायला-यायला सारखाच वेळ लागतो, असे त्यात गृहीत असते. जाताना 20 आणि येताना 100 मिलिसेकंद लागले, तर हिशेब 40 मिलिसेकंदांनी चुकतो.

बिघाड शोधताना क्रम सोडू नये. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आणि भारतीय वेळेची गल्लत झालेली असते. वीज गेली की दरवेळी तारीख काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा बटणसेल संपला असे समजावे. यानंतर यूडीपीचे 123 क्रमांकाचे पोर्ट फायरवॉलने अडवले आहे का, ते पाहावे. लिनक्सवर वेळ जुळवायला क्रॉनी हा प्रोग्राम वापरत असाल, तर स्रोतांच्या यादीतला ‘रीच’ हा रकाना वाचा. तिथे 377 दिसले म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळाले. शून्य म्हणजे एकीलाही नाही. त्याऐवजी एनटीपीडी हा प्रोग्राम असेल, तर 1000 सेकंदांपेक्षा मोठा फरक दिसताच तो नेहमीच्या मांडणीत स्वतःहून बंद पडतो, हेही ध्यानात ठेवा.

घाईने हाताने वेळ बदलणे मात्र टाळाच. घड्याळ मागे ओढले की नंतरचा व्यवहार आधी झाल्यासारखा नोंदला जातो. कर्बेरॉस पद्धतीच्या लॉगिनला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक सहसा चालत नाही. सुरक्षा प्रमाणपत्रेही चुकीच्या तारखेला नाकारली जातात. चोरी झालीच, तर तपास या नोंदींवरच उभा राहतो. म्हणून सर्ट-इन या सायबरसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळे जुळवायला सांगितले आहे.

दोन स्रोतांत मतभेद झाला, तर खरा कोणता ते सर्व्हरला ठरवता येत नाही. निदान चार स्रोत द्या, संपलेला सेल बदला आणि महिन्यातून एकदा ‘रीच’चा रकाना तपासा. लोकांच्या पैशांची आणि औषधांची नोंद ठेवणाऱ्या यंत्राची वेळ बरोबर असणे, ही सांभाळणाऱ्याची जबाबदारीच आहे.