आपत्तीत पोरकी झालेली बालके आणि परदेशी दत्तकविधान

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. अशा दुर्घटनांनंतर पोरकी मुले परदेशी कुटुंबांना का देऊ नयेत, असा प्रश्न सद्‌हेतूने विचारला जातो. परंतु आईबाप गेले म्हणजे मुलाचे कोणीच उरले नाही, असे नव्हे. कोकणातील गावांचे गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींशी गिरण्यांच्या काळापासूनचे नाते आहे. मुलाचा चुलता किंवा मावशी तेथील एखाद्या खोलीत सापडू शकते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये असे बालक, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. नातलगांचा शोध घेऊनच समिती त्यास दत्तकासाठी मुक्त घोषित करते. दोन वर्षांपर्यंतच्या बालकास दोन महिन्यांत, त्याहून मोठ्यास चार महिन्यांत. पुढील ६० दिवसांत भारतीय अथवा अनिवासी भारतीय कुटुंब न लाभल्यासच परदेशाचा विचार होतो. भावंडे, दिव्यांग व पाच वर्षांवरील मुले यांना त्यात प्राधान्य देता येते. या मुलांना आपल्याकडे सहसा कोणी मागणी घालत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

सरपंचांनी वा शिक्षकांनी कनवाळूपणाने एखादे मूल परस्पर कोणास दत्तक देणे मात्र दंडनीय अपराध आहे. त्यांनी प्रथम १०९८ या क्रमांकावर कळवावे.