विश्लेषण : रविवारचा ‘इटालियन ब्रंच’ खरेच परवडतो का? जाहिरातीतला दर आणि हाती येणारे बिल यांत इतका फरक का?

पंचतारांकित हॉटेलातील इटालियन रेस्तराँमध्ये ठरावीक रक्कम मोजून हवे तितके खाण्याची सोय म्हणजे ‘वीकेंड बुफे ब्रंच’. वाढदिवस, पहिला पगार, परदेशातून आलेली भावंडे अशा निमित्ताने मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबेही आता तिथे टेबल राखून ठेवू लागली आहेत. मात्र जाहिरातीत दिसणारा दर हा अंतिम दर नसतो. हॉटेलला हे परवडते कसे, बिल कुठे वाढते आणि ताटात काय घ्यावे, याविषयी…

ब्रंच मूळचा इटलीचा आहे का?

नाही. ‘ब्रेकफास्ट’ आणि ‘लंच’ मिळून झालेला हा शब्द ब्रिटिश लेखक गाय बेरिंजर यांनी १८९५ मधील एका लेखात मांडला. शनिवारी रात्री जागणाऱ्यांना रविवारी पहाटे उठावे लागू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे अमेरिकेत ही पद्धत रुळली आणि मोठ्या हॉटेलांमार्फत जगभर गेली. इटलीत रविवारी महत्त्व असते ते कुटुंबासह निवांत होणाऱ्या दुपारच्या जेवणाला. तिथे आधी अँटिपास्टी, मग पास्ता किंवा रिसोतो, नंतर मांस-मासे आणि शेवटी गोड असा क्रम असतो. बुफेत हे सारे एकाच वेळी समोर मांडले जाते.

हॉटेलला हे परवडते कसे?

नरिमन पॉइंट किंवा वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या भागातील हॉटेलांत आठवडाभर कंपन्यांच्या पाहुण्यांची वर्दळ असते, ती शनिवार-रविवारी ओसरते. स्वयंपाकघर, कर्मचारी, वातानुकूलन यांचा खर्च मात्र सुरूच राहतो. ब्रंचमुळे रिकामी टेबले भरतात. शिवाय दर ठरतो तो सरासरी खाण्यावर. एखादा भरपूर खातो, तर शेजारी बसलेल्या आजी सूप आणि पावाच्या दोन तुकड्यांवर थांबतात. पाव, सॅलड, पास्ता हे पोट भरणारे आणि तुलनेने स्वस्त पदार्थ सहज हाताशी येतील असे ठेवले जातात. कोळंबी, लॅम्ब यांसारखे महागडे पदार्थ अनेकदा काउंटरवरचा शेफ बेताने वाढतो. मद्य आणि मॉकटेल यांचे पॅकेज बहुधा वेगळे असते.

बिलात किती भर पडते?

दरापुढील ‘प्लस टॅक्सेस’ हे दोन शब्द महत्त्वाचे. साध्या रेस्तराँमध्ये खाण्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलातील खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांहून अधिक असते, तेथील रेस्तराँमध्ये तो १८ टक्के असतो. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावर राज्याचे कर लागू होतात.

समजा, माणशी दर ३,००० रुपये अधिक कर असा आहे. १८ टक्के जीएसटी धरून तो ३,५४० रुपये होतो. चौघांचे बिल १४,१६० रुपये. त्यात १० टक्के सेवाशुल्क जोडून एकूण रकमेवर जीएसटी लावला, तर हेच बिल १५,५७६ रुपयांवर जाते. म्हणजे १,४१६ रुपये जास्त.

सेवाशुल्क नाकारता येते का?

होय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल किंवा रेस्तराँला बिलात सेवाशुल्क आपोआप जोडता येत नाही. दुसऱ्या नावानेही ते आकारता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरवल्या. बिलात हे शुल्क दिसल्यास ते काढण्यास सांगावे. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. सेवा आवडली तर टिप द्यावी, पण ती ग्राहकाच्या मर्जीने.

ताटात काय घ्यावे?

बुफेत सगळे पदार्थ सारखे टिकत नाहीत. शिजलेला पास्ता गरम भांड्यात राहिला की मऊ पडतो, रिसोतो घट्ट होतो. त्यामुळे हे दोन्ही ‘लाइव्ह काउंटर’वर समोर करून घेणे शहाणपणाचे. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा अतिशय तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो आणि तो लगेच खाण्यातच मजा असते. उलट लझान्या, भाजलेल्या भाज्या, मुरवलेले ऑलिव्ह थोडा वेळ राहिले तरी बिघडत नाहीत. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू वेगाने वाढतात. म्हणून कोमट झालेले मांसाचे पदार्थ आणि बर्फाविना ठेवलेले मासे टाळावेत.

शाकाहारींनी काय विचारावे?

अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट वापरतात. सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरलेली पर्यायी चीजही उपलब्ध आहेत. त्यामुळे पेस्तो आणि रिसोतोमध्ये कोणते चीज आहे, हे विचारावे. पाना कोटात जिलेटिन, तर तिरामिसू आणि ताज्या पास्त्यात अंडे असू शकते.

‘पैसे वसूल’ करण्याची किंमत काय?

एकदा मोजलेले पैसे कमी खाल्ल्याने परत येत नाहीत, तरी माणूस ते वसूल करण्यासाठी खात राहतो. बुडीत खर्चाचा हा परिणाम अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये मांडला. त्यातूनच ताटे भरतात आणि अर्धी टाकली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, त्यातील २८ टक्के खानपान सेवांमधून. काउंटरवरचे न वाढलेले अन्न दान करण्यासाठी भारतात २०१९ पासून स्वतंत्र नियम आहेत, पण ताटातले उष्टे कुणालाच देता येत नाही. नॉर्वेतील हॉटेलांत केलेल्या एका प्रयोगात केवळ ताटल्यांचा आकार कमी केल्यावर वाया जाणारे अन्न सुमारे २० टक्क्यांनी घटले. हा उपाय ग्राहकालाही जमण्यासारखा आहे. लहान ताटली घ्यावी, आधी सगळे काउंटर पाहून यावेत आणि दोन-दोन घासच वाढून घ्यावेत. आवडले तर पुन्हा घ्यायला कुणी अडवत नाही. बुफेचे पैसे मोजले जातात ते त्याचसाठी.