गाडीची नाडी – लेखांक 7 : सकाळी पास, दुपारी नापास

मे महिन्यातली दुपार. धुळ्याहून जळगावला येताना एरंडोलजवळ रसवंतीवर गाडी थांबवली. दहा मिनिटांनी चावी फिरवली, तर सेल्फ लागेना. हेडलाइट लख्ख, इंजिन मात्र गप्प. बॉनेट उघडून तासभर थांबलो आणि गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. संध्याकाळी एका गॅरेजात सल्ला मिळाला, ‘सेल्फ गेलाय, नवा टाका.’ दोष निघाला इंचभर चौकोनी रिलेचा.

गेल्या आठवड्यात आपण बॅटरी तपासली. सेल्फची मोटर इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट खेचते. एवढा भार चावीच्या स्विचला झेपणार नाही. म्हणून चावी रिलेला जागं करते, रिले सॉलनॉइडला आणि सॉलनॉइड मोटरला. रिलेच्या पोटात तांब्याच्या बारीक तारेची कॉइल असते. 85 आणि 86 या पिनांवर करंट आला की ती चुंबक बनून पत्ती ओढते, ‘टिक्’ असा आवाज होतो आणि 30 नंबरचा करंट 87 वर पोचतो.

आता खानदेशचं ऊन. पारा 45 च्या आसपास असताना चालून आलेल्या गाडीचं बॉनेट भट्टीसारखं तापतं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. 25 अंशांना 80 ओहम दाखवणारी कॉइल 85 अंशांना 99 ओहमच्या घरात जाते. करंट घटतो, चुंबक दुबळं पडतं. आतला एखादा टाका सुटत आला असेल, तर तोही तापल्यावरच उघडा पडतो. म्हणून रिले तपासायचा तो दोष हजर असतानाच, भर दुपारी.

हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा. बॅटरी 12.4 व्होल्टच्या वर हवी. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि स्वतः रिलेवर बोट ठेवा. बोटाला टिक् जाणवली, 30 वर 12 व्होल्ट आहेत पण 87 वर काहीच नाही, तर आतले पॉइंट जळालेत. टिक्च नाही, तर 85 आणि 86 मध्ये मीटर लावा. व्होल्टेज येत असेल तर कॉइल गेली. येत नसेल तर रिले निर्दोष आहे. फ्यूज, चावीचा स्विच, क्लचचा स्विच आणि अर्थ तपासा. मीटर नसेल तर हॉर्नचा रिले काढा. दोघांवर एकच नंबर छापलेला असेल, तर अदलाबदल करून पाहा. वायरने 30 आणि 87 जोडण्याची घाई नको. गाडी गिअरमध्ये असली तर अंगावर येते.

माझ्या गाडीत दुसऱ्या दिवशी दुपारी 12 व्होल्ट येत होते, टिक् मात्र नव्हती. हॉर्नचा रिले बसवला आणि सेल्फ लागला. नवा सेल्फ घेण्याची वेळच आली नाही.

पुढच्या आठवड्यात : टिक् नीट येते, पण खालून नुसतं ‘खट्’ ऐकू येतं, तेव्हा सॉलनॉइड कसा तपासायचा.