मेदकचे चर्च आणि अठ्ठावीस वर्षांची बोलणी

हैदराबादेत पाहुणे आले की आपण त्यांना एखाद्या रविवारी मेदकला नेतो. तेथील भव्य चर्च पाहून कोणीतरी हमखास विचारते, "हे कुठल्या पंथाचे?" मागच्या खेपेला मला नीट सांगता आले नाही, म्हणून थोडे वाचन केले.

हे चर्च ब्रिटिश मेथडिस्ट मिशनने बांधले. १९२४ साली ते प्रार्थनेसाठी खुले झाले. आज मात्र ते 'चर्च ऑफ साउथ इंडिया'कडे आहे.

मिशनरी भारतात आले ते आपापले पंथ घेऊनच. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन, बाप्टिस्ट असे किती तरी. मे १९१९ मध्ये तामिळनाडूतील तरंगमबाडीला काही पाळक जमले. त्यांत बहुतेक भारतीय होते. त्यांचे म्हणणे असे की, ही भांडणे युरोपातली, ती आम्ही का चालवायची? पुढाकार होता बिशप अझरय्या यांचा. ते आपल्या निजामाच्या राज्यातील दोर्नकलचे बिशप आणि अँग्लिकन पंथातले पहिले भारतीय बिशप.

मग अडले कुठे? येशूवर किंवा बायबलवर नव्हे, तर पाळकाच्या अधिकारावर. अँग्लिकनांच्या मते बिशपने मस्तकावर हात ठेवून दिलेली दीक्षाच खरी. प्रेसबिटेरियन परंपरेत तर बिशपच नाही! त्यांच्या पाळकांनी पुन्हा दीक्षा घ्यायची म्हणजे आजवर दिलेले प्रभुभोजन खोटे होते असे कबूल करायचे. ते कोण करील? आम्ही बँकवाल्यांनी विलीनीकरणे पाहिली आहेत. ताळेबंद ठरल्या तारखेला एक होतात, पण ज्येष्ठतेच्या यादीवरून माणसे वर्षानुवर्षे रुसलेली असतात. इथे तर प्रश्न श्रद्धेचा होता.

शेवटी तोड निघाली. जुन्या पाळकांना आहे तसे सर्वांनी मानायचे, यापुढची दीक्षा मात्र बिशपच देईल. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. अझरय्या ते पाहायला राहिले नाहीत, १ जानेवारी १९४५ रोजीच ते वारले होते. इंग्लंडच्या अनेक अँग्लिकनांना ही तोड पचली नाही. नव्या चर्चशी पूर्ण नाते जोडायला त्यांनी कित्येक वर्षे घेतली.

उत्तरेत तर याहून वेळ लागला. १९२९ साली लखनौला सुरू झालेली बोलणी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात पूर्ण झाली आणि सहा मंडळ्यांचे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले. तिथे सर्वच पाळकांवर नव्याने हात ठेवले गेले, म्हणजे कमीपणा कोणाकडेच नको. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा की जाणत्या वयातला, या वादात दोन्हींना मुभा दिली. तरीही अमेरिकन मिशनची मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या घडीला बाजूला झाली.

आपल्या शहरातला एक घोळही यातूनच उलगडतो. सिकंदराबादचे वेस्ली चर्च ब्रिटिश मेथडिस्टांचे, म्हणून ते मेदकप्रमाणेच चर्च ऑफ साउथ इंडियात आहे. ज्या चर्चच्या पाटीवर आजही 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' लिहिलेले दिसते, ती अमेरिकन मिशनच्या परंपरेतली, म्हणजे बाहेर राहिलेल्यांची.