शब्द कळले, तर आवाज पोचतो

माझं सासर साताऱ्याचं आणि माहेर सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाईवरून येते, कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि पुढे माझ्या माहेराकडे जाते. "तुमच्या साताऱ्याचं धुणं आमच्या दारात येतं," असं वहिनी मला नेहमी चिडवायची.

आठ-नऊ वर्षांपूर्वी ही चेष्टा थांबली. संक्रांतीला गेले, तर वहिनीनं तांब्या पुढं केला. विहिरीचं पाणी चहासारखं तांबूस दिसत होतं. "वन्सं, म्हससुद्धा तोंड लावंना याला." जवळच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचं मळीचं पाणी जमिनीत मुरतंय, असं सगळी आळी म्हणत होती, पण चारचौघांत कुणी बोलत नव्हतं. दादा तर म्हणाला, "आपण सभासद. उसाची तोड लांबली तर वर्षाचं गणित बसेल का?" त्याचंही खोटं नव्हतं. पोराचं शिक्षण, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या उसावरच.

त्याच महिन्यात पेपरात नोटीस आली. कारखान्याचा विस्तार होणार म्हणून पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी. दादाचा विरोध पत्करून वहिनी गेली, सोबत बचत गटातल्या पाच-सहाजणी आणि मी. वहिनी उभी राहिली आणि म्हणाली, "आमचं पाणी खराब झालंय." तिकडून उत्तर आलं, "बेसलाइन डेटा मर्यादेत आहे, प्रकल्प झेडएलडी आहे." वहिनी गप्पकन खाली बसली. मी बी.ए. झालेली, पण मलाही त्यातलं काही कळलं नाही! घरी येताना ती एवढंच म्हणाली, "शब्द ठाऊक असते तर बसले नसते."

त्या दिवसापासून मी हे शब्द शिकत गेले. मैत्रिणींनो, अवघड काही नाही. पाककृती वाचता येते, तर हेही येतं.

पहिला शब्द 'पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन'. प्रकल्प उभा राहण्याआधी हवा, पाणी, जमीन आणि माणसं यांच्यावर काय परिणाम होईल, हे तपासून लिहिलेला अहवाल. देशात हा नियम १९९४ साली आला, आजची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची. पुढे तिच्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. अहवाल कंपनीनेच नेमलेले सल्लागार तयार करतात, म्हणून तो आपण वाचायलाच हवा. मोठा अहवाल इंग्रजीत असतो, पण त्याचा सारांश मराठीत देणं बंधनकारक आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय अशा ठिकाणी तो बघायला मिळतो.

दुसरा शब्द 'श्रेणी'. 'अ' श्रेणीचा निर्णय दिल्लीत होतो, 'ब' चा राज्यात. दिवसाला ५,००० टन किंवा त्याहून जास्त ऊस गाळणारा कारखाना 'ब' मध्ये येतो. 'ब' चेही दोन भाग. 'ब-१' ला अहवाल आणि सुनावणी लागते, 'ब-२' ला नाही. इथेच डोळे उघडे ठेवायचे. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठीचे काही प्रकल्प २०२१ साली 'ब-२' मध्ये घातले गेले. म्हणजे एक अक्षर आणि एक आकडा बदलला की गावाची सुनावणीच जाते.

तिसरा शब्द 'कार्यकक्षा'. सल्लागारांनी काय-काय तपासायचं, त्याची यादी. तुमची विहीर, ओढा यादीत नसेल, तर तो अहवालात येणार कुठून?

चौथा 'बेसलाइन', म्हणजे प्रकल्पाआधीची मूळ स्थिती. ती बहुधा पावसाळा सोडून एका ऋतूत मोजतात. आपण विचारायचं, नमुने कुठल्या महिन्यात घेतले? गळीत हंगामात, की कारखाना बंद असताना? आणि २००५, २०१९, २०२१ चे महापूर सोसलेल्या सांगलीत पावसाळाच सोडून कसं चालेल?

पाचवा 'अभ्यास क्षेत्र'. प्रकल्पाभोवती साधारण १० किलोमीटरचं वर्तुळ. वर्तुळ नकाशावर थांबतं, पण कृष्णा थांबते का? सातारच्या काठावर सोडलेलं पाणी सांगलीच्या नळाला येतंच.

सहावा 'झेडएलडी'. कारखान्याबाहेर सांडपाण्याचा एक थेंबही सोडणार नाही, अशी हमी. मळीपासून एक लिटर अल्कोहोल करताना साधारण ८ ते १५ लिटर तांबडं पाणी निघतं, त्याला 'स्पेंट वॉश' म्हणतात. ते साठवायचं कुठं, टाकी गळली तर कळणार कसं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आणि सगळ्यात मोलाचा शब्द 'इतिवृत्त'. सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतात, चित्रीकरण होतं, आणि शेवटी कोण काय बोललं ते स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. बायका नेमक्या तेव्हाच उठतात, गुरं-पोरं वाट बघत असतात ना! पण तेव्हाच बसून राहायचं.

त्या दिवशी आम्ही योगायोगानं बसून राहिलो. इतिवृत्तात आलं, "पाण्याबाबत विचारणा झाली." बस्स! मी उठले आणि म्हटलं, "साहेब, वहिनींच्या विहिरीचं पाणी तांबूस झालंय, हे लिहा." अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गट क्रमांकासह लेखी हरकतही दिली. पुढे मंजुरीपत्र आलं, त्यात परिसरातल्या विहिरींचं पाणी तपासायची अट होती.

विहीर काही लगेच निवळली नाही. रंग उतरलाय, पण प्यायला अजून नळाचंच पाणी. त्या वर्षी दादाची तोड दोन आठवडे लांबली. आमच्यामुळे की आणखी कशामुळे, कुणी सांगितलं नाही. महिनाभर तो माझ्याशी धड बोलला नाही.

पण मंजुरीच्या अटी पाळल्या का, याचा अहवाल प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो आणि तो कुणालाही मागता येतो. गेल्या जूनमध्ये दादाचा फोन आला, "अगं, तो सहामाही अहवाल मागायचा अर्ज कसा लिहायचा?" मी म्हटलं, "वहिनीला विचार. तिला पाठ आहे."